काकासाहेबांची दूरदृष्टी

४ एप्रिल, शुक्रवार

आज आमच्या चष्म्याच्या दुकानात साक्षात काकासाहेब आले. आमच्या वॉर्डाचे उमेदवार. मी गेली कित्येक वर्षं त्यांचा कट्टर समर्थक. जाहीर सभेत भाषण वाचायला नवा चष्मा हवाय म्हणाले. एवढी दुकानं सोडून इथे आले, याचा अर्थ उघड आहे. (बायको म्हणते, पार्किंग मिळालं म्हणून आले.)

डोळे बायकोने तपासले, कारण डिग्री तिची आहे. मात्र फ्रेम मी निवडली. काळी, जाड, भारदस्त. काकासाहेब म्हणाले, छान आहे. माझ्याकडे बघून म्हणाले.

संकल्प : निवडणूक होईपर्यंत दुकानाकडे जरा कमी लक्ष देणे. बायकोला सांगितलं. तिने विचारलं, अजून कमी कसं देणार?

७ एप्रिल, सोमवार

गणिताच्या बाई आल्या होत्या. बायकोच्या शाळेतल्या, आता रिटायर्ड. त्यांना लांबचा नंबर आहे, तोही जबरदस्त. त्यांनाही तीच काळी फ्रेम घ्यायला लावली. नेत्याला शोभते ती बाईंना का नाही शोभणार?

बायकोचा कल वकीलबाईंकडे दिसतो. काकासाहेबांच्या विरोधात त्या उभ्या आहेत. म्हणते, त्यांचं बोलणं मुद्द्याचं असतं. मी म्हटलं, मुद्द्यांवर निवडणूक जिंकता येत नाही. माणूस लागतो मागे. माझ्यासारखा.

१० एप्रिल, गुरुवार

दोन्ही चष्मे तयार. बायकोने डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. नेत्याच्या डबीवर चिठ्ठी, म्हणजे लाँड्रीच्या कपड्यांसारखं दिसतं. काढून टाकल्या. एकट्या काकासाहेबांची काढली असती तर बाईंशी दुजाभाव झाला असता, म्हणून दोन्ही काढल्या. मी तत्त्वाचा माणूस आहे.

काकासाहेबांची डबी स्वतः प्रचार कार्यालयात नेऊन दिली. ते गडबडीत होते. डबी थेट खिशात टाकली, घालून बघितलासुद्धा नाही. एवढा विश्वास.

शिवाय सभेची एक जबाबदारी माझ्यावर सोपवली आहे. त्यांचा सेक्रेटरी म्हणाला, खुर्च्यांचं बघा.

संकल्प : पाच मिनिटांचं भाषण तयार ठेवणे. ऐनवेळी स्टेजवर बोलावलं तर पंचाईत नको.

१२ एप्रिल, शनिवार

गणिताच्या बाईंची तक्रार. नव्या चष्म्यातून लांबचं धूसर दिसतं. बसचा नंबर दिसला नाही, चुकीच्या बसमध्ये चढल्या आणि वकीलबाईंच्या सभेला जाऊन पोचल्या. भाषण ऐकलं. पटलं म्हणाल्या. मी सांगितलं, बाई, नव्या चष्म्याची सवय व्हायला आठवडा लागतो. वयाचाही प्रश्न असतो. वयाचं बोलायला नको होतं बहुतेक. मला सतराचा पाढा विचारला आणि उठून गेल्या.

बायको बँकेत गेली होती. तिला सांगितलं नाही. उगाच तिच्या डोक्याला ताप.

१३ एप्रिल, रविवार. रात्र

सभा झाली. अजून अंग शहारतंय.

मी दुपारपासून मैदानावर. खुर्च्या अर्धवर्तुळात लावल्या. मंडपवाल्याने पुन्हा सरळ केल्या. मी पुन्हा अर्धवर्तुळ केलं. शेवटी त्याने मला एका खुर्चीवर बसवलं आणि म्हणाला, ही सांभाळा.

काकासाहेबांनी स्टेजवर चढताच चष्मा घातला. माझी फ्रेम. डोळे भरून आले. सगळ्यांत आधी त्यांनी माइक लावणाऱ्याला कडकडून मिठी मारली आणि पक्षाध्यक्ष म्हणून त्याचे आभार मानले. पक्षाध्यक्ष दुसऱ्या बाजूला हात पसरून उभे होते. सामान्य माणसाला पुढे करणं याला म्हणतात.

मग भाषण. कागद आधी जवळ धरला, मग लांब, मग सेक्रेटरीच्या डोक्यावर. म्हणाले, मी निवडून आलो तर या शहरातले सगळे रस्ते बंद करीन.

सभा चिडीचूप. जाहीरनाम्यात रस्ते रुंद होणार होते, पण ऐनवेळी धोरण बदललेलं दिसतं. पायी चालणाऱ्यांचा विचार कोण करतो आजकाल? मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. एकट्याने. कोणीतरी सुरुवात करावी लागते.

पुढे म्हणाले, प्रत्येकाचं घर कमी करू. (छापील पत्रकात 'कर' होतं. छपाईची चूक असावी.) आणि शेवटी, तुमचे सगळे प्रश्न मी सोडीन. सोडवीन नाही, सोडीन. इतका प्रामाणिक नेता मी पाहिलेला नाही. लोक हसत हसत घरी गेले. म्हणजे खूश होते.

मला स्टेजवर बोलावलं नाही. वेळ कमी पडला असेल.

१४ एप्रिल, सोमवार

सगळ्या पेपरांत काकासाहेब. पहिल्या पानावर.

सेक्रेटरीचा फोन. हळू आवाजात विचारलं, तो चष्मा कोणी दिला होता? मी म्हणालो, मी, स्वतःच्या हाताने. तो म्हणाला, कळलं. पद मिळणार, असं वाटतंय. कोट ड्राय क्लीनिंगला टाकला.

दुपारी गणिताच्या बाई परत आल्या, या वेळी थेट बायकोकडे. बायकोने त्यांचा चष्मा नंबर मोजायच्या मशीनवर ठेवला. बघितलं. परत बघितलं. मग शांतपणे मला म्हणाली, हा काकासाहेबांचा वाचायचा चष्मा आहे. बाईंचा लांबचा कुठाय, ते तूच सांग.

सगळ्यांना कळलं होतं.

१५ एप्रिल, मंगळवार

बायकोने बरोबरचा चष्मा देऊन मला पाठवलं. वाटेत सगळं बोलणं जुळवलं होतं : फ्रेमच्या कारखान्याचा दोष, हवामान वगैरे. प्रचार कार्यालयात काकासाहेब एकटेच बसले होते. कारखान्याचं राहून गेलं. चूक माझी, म्हणालो. त्यांनी चष्मा घातला, समोरचा पेपर उचलला आणि आपल्याबद्दलची बातमी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाले, अगदी स्वच्छ दिसतंय.

बाईंचा चष्मा घेऊन निघालो. घरी जेवण गेलं नाही. फारसं.

२० एप्रिल, रविवार

मतदान. सकाळी पहिल्या रांगेत जाऊन काकासाहेबांना मत दिलं. बायकोने कोणाला दिलं ते सांगत नाही. गणिताच्या बाई तिच्यासोबत होत्या आणि दोघी फारच आनंदात परतल्या.

माझा अंदाज : काकासाहेब थोडक्यात निघतील. लोक विसरतात.

२२ एप्रिल, मंगळवार

लोक विसरले नाहीत. वकीलबाई निवडून आल्या. काकासाहेब तिसरे. तिसरा उमेदवार होता, हेच मला आज कळलं.

२४ एप्रिल, गुरुवार

वकीलबाई स्वतः दुकानात आल्या. सोबत फोटोग्राफर. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, तुमच्याएवढं काम माझ्या एकाही कार्यकर्त्याने केलं नाही. बायको हसू दाबायला आतल्या खोलीत गेली.

मी विनम्रपणे मान झुकवली. कामाची कदर शेवटी होतेच, पक्ष कोणता का असेना. म्हटलं, आता फायलींचे ढीग वाचायचे, चष्मा करूनच घ्या, बसा. त्या लगेच खुर्चीत बसल्या. मी काळी फ्रेम काढली.

त्यांनी इकडेतिकडे बघून विचारलं, मॅडम कुठायत? डोळे त्या तपासतील, फ्रेम त्या निवडतील आणि तयार झाला की चष्मा माझ्या हातात त्याच देतील.

मी विचारलं, मग मी काय करू?

म्हणाल्या, तुम्ही फोटोत या.

फोटोत उभा राहिलो.