पाझरचरावरील तीन ‘नाही’ आणि सोमवारचा जेसीबी

प्रति,
मा. गटविकास अधिकारी साहेब,
पंचायत समिती कार्यालय.

अर्जदार : पितांबर झुलाल सुरवाडे, वय ६५, निवृत्त प्रयोगशाळा सहायक (पाणी तपासणी), दीपनगर. हल्ली मुक्काम निंभोरखेडे, धरणगावजवळ, जि. जळगाव.

विषय : माझ्या परसातील सांडपाण्याचा पाझरचर उत्तम चालत असल्याच्या कारणावरून तो नाहीच असे ठरवून, सोमवार दि. २८ एप्रिल रोजी तो जेसीबीने खोदण्यात येणार आहे, ते थांबवणेबाबत.

संदर्भ : १) ग्रामपंचायतीची नोटीस, दि. १६ एप्रिल २०२५.
२) माझा पहिला अर्ज, दि. ४ एप्रिल (पोहोच मिळाली, उत्तर नाही).
३) माझे दोन वेळचे तोंडी म्हणणे, जे कोणी लिहून घेतले नाही.

महोदय,

१. मी चौतीस वर्षे दीपनगरच्या वीज केंद्रात पाणी तपासण्याची नोकरी केली. पाण्याविषयी काही लिहायला बसलो की माझे लवकर आटपत नाही, ही माझी खोड घरच्यांना ठाऊक आहे, ती आपणही सांभाळून घ्यावी. अर्ज लांबला आहे, पण शेवटपर्यंत वाचावा ही विनंती, कारण सोमवार चार दिवसांवर आहे आणि जेसीबी एकदा अंगणात शिरला की अर्जाला काही अर्थ राहत नाही.

२. प्रथम, वस्तू काय आहे ते सांगतो. निवृत्तीनंतर सन २०१९ मध्ये मी संडास-न्हाणीच्या पाण्यासाठी दोन कप्प्यांची टाकी बांधली. गाळ खाली बसतो, तेलकट थर वर तरंगतो, आणि मधले पाणी पुढे जाते. पुढे चाळीस-चाळीस फुटांचे दोन चर आहेत. आमच्याकडची काळी माती अडीच फूट, ती पाणी पितच नाही, नुसती धरून बसते. म्हणून ती काढून मी चर मुरमापर्यंत नेला, त्यात खडी भरली, खडीत भोके पाडलेले पाईप टाकले आणि वरून माती लोटली. पाणी खडीतून मुरमात उतरते. मुरमात सूक्ष्म जीव असतात, ते घाण खाऊन टाकतात. हे जीव दिसत नाहीत, पगार मागत नाहीत, रजेवर जात नाहीत. त्यांची अपेक्षा एवढीच, की जमिनीत हवा खेळती राहावी आणि डोक्यावर जड काही चढू नये. म्हणून आमच्या घरी पाहुण्याची मोटारसायकलसुद्धा त्या बाजूला लावू देत नाहीत.

काम किती चोख होते, याचेही टिपण माझ्याकडे आहे. चरापासून साठ फुटांवर माझी कूपनलिका आहे. आरोग्य केंद्रातून मिळते ती छोटी बाटली आपल्याला माहीत असेल, घाण पाणी भरले की दोन दिवसांत काळी पडते. मी दर महिन्याला ती भरून ठेवतो. सहा वर्षांत एकदाच काळी पडली, ती मी हात न धुता झाकण लावल्यामुळे, आणि हे मी वहीत स्वतःच्या नावानिशी लिहिले आहे. नायट्रेट मात्र मुरमात पूर्ण नाहीसे होत नाही, हे मी लपवत नाही. त्यासाठी चराच्या कडेला, पाईपांपासून अंतर राखून, केळीची सात खोडे लावली आहेत. त्यांचा घड दोन माणसांना उचलावा लागतो.

३. या चराच्या आधी काय होते, तेही आपल्या कानावर घालणे भाग आहे. शेजारी कौतिकनाना पाटील आणि त्यांच्या मंडळी शेवंताबाई राहतात. माझ्या घराचे सांडपाणी पूर्वी उताराने थेट त्यांच्या फाटकासमोर जाऊन थांबत असे. मी नोकरीवर असताना रोज सकाळी शेवंताबाई फाटकात उभ्या राहून त्या पाण्याला उद्देशून बोलत, आणि माझी पत्नी द्रौपदाबाई ओट्यावरून पाण्याच्या वतीने उत्तर देत असे. हे बावीस वर्षे चालले. एकमेकींच्या घरची लग्ने झाली, पण दोघी एकमेकींच्या मांडवात गेल्या नाहीत. चर झाला, फाटकासमोरची जागा कोरडी पडली, आणि त्या उन्हाळ्यात शेवंताबाई स्वतःहून आमच्या परसात येऊन म्हणाल्या की बिबड्यांचे, म्हणजे ज्वारीच्या पापडांचे, पीठ चुलीवर एकटीने हाटायचे काम नाही. तेव्हापासून दोन्ही घरांचे बिबडे एकत्र होतात आणि चरावरच्या मोकळ्या जागेत एकाच खाटेवर वाळतात. साहेब, सहा वर्षांपासून आमच्या गल्लीला भांडायला विषय नाही. ही माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी कमाई आहे असे मी समजतो.

४. दि. २ एप्रिल रोजी शोषखड्डा पडताळणी समिती आली. संगणक परिचालक मोहिनीताई यांच्या मोबाईलमध्ये तीन प्रश्न होते. पाणी साचलेले दिसते का? वास येतो का? डास आढळतात का? समिती सर्व बाजूंनी फिरली. एक सदस्य गुडघे टेकून, जमिनीला नाक लावून आले. पाणी नव्हते. वास फक्त बिबड्यांच्या पिठाचा होता. डास शोधायला समितीने केळीची पानेही उलटून पाहिली. तिन्ही ठिकाणी ‘नाही’ भरले गेले, आणि मोबाईलने आपला निकाल दिला, की सदर घरी शोषखड्डा अस्तित्वात नाही. पुराव्याचा फोटो जोडणे सक्तीचे असल्याने खाटेचा फोटो काढून खाली शेरा मारण्यात आला : ‘सदर जागी बिबडे आढळून आले.’

खड्डा नाही, तर माझ्या घरची चार माणसे सहा वर्षे जातात कुठे, असा प्रश्न मी नम्रपणे विचारला. त्यावर मोबाईलमध्ये तसा रकाना नसल्याचे सांगण्यात आले. मोहिनीताईंचा यात दोष नाही. तीन ‘हो’ म्हणजे खड्डा वापरात, तीन ‘नाही’ म्हणजे खड्डा नाही, असा हिशोब वरूनच बसवून आला आहे. ज्यांनी कोणी तो बसवला, त्यांच्या घरामागे काय परिस्थिती असेल, याची मला काळजी वाटते.

५. त्याच दिवशी समिती कौतिकनानांकडे गेली. नानांचा खड्डा काळ्या मातीत, खडीशिवाय, नुसता खणून झाकलेला. पाणी वर आलेले, डास दिवसाढवळ्या, आणि वासाबद्दल मी शेजारधर्म पाळतो. तिन्ही प्रश्नांना ‘हो’. नानांना ‘उत्कृष्ट कार्यरत शोषखड्डा’ असे प्रमाणपत्र मिळाले. प्रमाणपत्र देतानाचा फोटो आहे, त्यात नाना सोडून सर्वांनी नाकाला रुमाल लावलेला आहे.

६. यानंतर जे घडले ते सांगताना मला लाज वाटते, पण सरकारी कागदावर खोटे लिहायची मला सवय नाही. नाना माझ्याकडे आले. माझी वही, बाटल्या, पाईपांचा नकाशा सगळे त्यांनी शांतपणे पाहिले आणि म्हणाले, “भाऊ, तुनं बठ्ठं चोख शे, तठेच तू चुकना.” म्हणजे माझे सगळे चोख आहे, तिथेच मी चुकलो. त्यांनी सुचवले की फेरतपासणीच्या दिवशी थोडी घाण दिसली की काम होईल, आणि घाण ते स्वतः देतील. चौतीस वर्षे पाणी तपासलेल्या माणसाने होकार दिला. आणखी काय करणार होतो, साहेब?

दि. ११ रोजी समिती सकाळी दहाला येणार होती. पावणेदहाला नानांच्या खड्ड्यातील पाण्याच्या दोन बादल्या आम्ही दोघांनी चराच्या, बिबड्यांपासून लांबच्या, टोकाला ओतल्या. वास आला. डबके दिसले. चार-पाच डासही नानांकडून बादलीबरोबर आले होते. माझा जीव भांड्यात पडला. समिती साडेबाराला आली. धरणगावचे एप्रिलचे ऊन आपल्याला सांगायला नको. अर्धे पाणी उन्हाने नेले, अर्धे भेगांतून उतरून चराने गिळले, आणि डास परत नानांकडे गेले. तिसऱ्या बादलीसाठी नाना धावले होते, पण बिबड्यांच्या आसपास पुन्हा घाण आणाल तर बादलीसकट उचलून बाहेर फेकीन, असे शेवंताबाईंनी त्यांना समितीसमोरच बजावले. पुन्हा तीन ‘नाही’. समिती या वेळी बिबडे भाजून घेऊन, खाऊन गेली.

७. आता नोटीस आली आहे. सोमवारी जेसीबीने माझे परस खोदून शोषखड्डा शोधायचा. सापडला नाही तर त्याच जागी चार बाय चार फुटांचा नमुना शोषखड्डा बांधायचा. सापडला, तर खोदताना तो मोडलेला असेल, म्हणून तरीही बांधायचा. या नोटिशीत मला सुटायला फट नाही, हे मी तीनदा वाचून पाहिले. जेसीबी नुसता चरावरून गेला तरी मुरूम दाबला जाईल, हवा बंद होईल, आतले जीव गुदमरतील आणि चर कायमचा मरेल. मग पाणी वर येईल. वर आलेले पाणी उताराने जाईल. उतार अजून तिकडेच आहे, साहेब, शेवंताबाईंच्या फाटकाकडे.

मला चराचे दुःख नाही, तो मी पुन्हा खणीन. मी पासष्टीचा आहे, पण फावडे धरता येते. द्रौपदाबाई आणि शेवंताबाई पुन्हा ओट्यावर आणि फाटकात उभ्या राहिलेल्या मला बघवणार नाहीत. मला त्याची भीती वाटते, असे मी स्पष्ट लिहितो.

८. नोटीस वाचून दाखवल्यावर दोघींनी खाट उचलून चराच्या बरोबर मध्यावर आणली आहे. दोघी दिवसभर तिथेच बसतात. सोमवारी जेसीबी आला तरी उठणार नाहीत, असे त्यांनी मला सांगितले आहे. बिबडे वाळून झाले, तर पापड घालू, पापड झाले तर शेवया, असे त्यांचे नियोजन जूनपर्यंतचे तयार आहे.

९. काल नाना पुन्हा आले. त्यांच्या काखेत चौकट होती. प्रमाणपत्राला त्यांनी काच बसवून ते बैठकीत लावले होते, ते खिळ्यावरून काढून आणले. ते म्हणाले की हे त्यांच्या नावावर आहे म्हणून लोक हसतात, तर मी ते माझ्या नावावर करून घ्यावे. मी म्हटले, सरकारी कागद असा नावावर होत नसतो. नानांनी खाटेवरच्या दोघींकडे पाहिले. नंतर खाली मान घालून म्हणाले की त्यांच्याही परसात मुरूम अडीच फुटांवरच लागतो.

तरी मायबाप साहेबांना विनंती की,

(अ) माझ्या परसातील खोदाई रद्द व्हावी.

(आ) जेसीबीची फेरी मात्र रद्द करू नये. तो सोमवारी वेळेवर यावा आणि कौतिकनानांच्या परसात चाळीस-चाळीस फुटांचे दोन चर काढून द्यावेत. खडी येऊन पडली आहे. पाईपांना भोके पाडायचे काम मी आणि नाना कालपासून करीत आहोत. चर काढणारा जेसीबी चरावर चढणार नाही, यासाठी मी स्वतः शिट्टी घेऊन उभा राहीन.

(इ) त्यानंतर सहा महिन्यांनी समितीने नानांकडे फेरतपासणीस यावे. तीन ‘नाही’ येतील, ते निःशंक भरून घ्यावेत, आणि दोन्ही घरचे बिबडे खाल्ल्याशिवाय जाऊ नये.

आपला नम्र, सोमवारी सकाळपासून घरीच असणारा,

(सही)
पितांबर झुलाल सुरवाडे

स्थळ : निंभोरखेडे
दिनांक : २४ एप्रिल २०२५

सोबत :
१) बाटली तपासणीची वही, सहा वर्षे (हात न धुतलेल्या महिन्यासह).
२) पाईपांचा नकाशा.
३) कौतिकनानांचे प्रमाणपत्र, चौकटीसह. काच सांभाळावी.
४) परसात चर काढून मिळण्यास कौतिकनानांचे संमतीपत्र.
५) द्रौपदाबाई व शेवंताबाई यांचे एकत्र निवेदन. एकाच कागदावर दोघींच्या सह्या आहेत. असा कागद बावीस वर्षांत झाला नव्हता, तरी तो काम झाल्यावर आम्हांस परत मिळावा.