दामिनीची परीक्षा अन् रविवारचे पाहुणे

भातकुली, ३ नोव्हेंबर २०२५

चि. दामिनीले आजीचा आशीर्वाद.

माये कान गेले, फोनवर भांडता येत नाही, म्हणून लिवून राहिली. दुसरीच शिकली मी, चुका काढू नको. तुई लीलाआत्या सांगे, पोरगी माया घरी भाकर थापताना स्पॅनिश पाठ करते, चार थापा मारते अन् तिसरी अशी हाणते का भाकरीले भोक पडते. मागच्या तोंडी परीक्षेत नापास झाली, तरी तेच. त्या स्पॅनिशवाल्या कंपनीत नोकरी पाहिजे तं नीट शिक. तिसऱ्या थापेनं काय बिघडवलं तुयं?

इकडं वाफ्यातला सांबार, तुमची शहरातली कोथिंबीर, पिवळा पडून राहिला. माया ठेव, नसन तं पत्र तरी टाक.

तुई आजी


अकोला, ७ नोव्हेंबर २०२५

ती. आजीस साष्टांग नमस्कार.

'मी बोलले असते' याला स्पॅनिशमध्ये एकच शब्द आहे. त्याचे तुकडे आ-ब्ला-री-आ, जोर 'री'वर. म्हणून तिसरी थाप. 'आम्ही' आलं की आ-ब्ला-री-आ-मोस; तुकडा वाढला तरी जोर तिथंच. वहीत सगळं जमतं. तोंडी परीक्षेत घाई होते अन् तोंडातून 'आब्लार्या' निघतं. मॅडम म्हणतात, 'री' आणि 'आ' शेजारी बसू दे, एकमेकांच्या मांडीवर नको. जीभ ऐकतच नाही गं. वैताग आला.

त्यात बाबा म्हणतात, सोळा तारखेला घरी ये, मुलाकडचे पाहायला येऊन राहिले. त्याच रविवारी नागपूरला माझी परीक्षा आहे. हुकली तर कंपनी दुसऱ्या कोणाला घेईल. मी काही म्हणायच्या आत बाबांनी फोन ठेवला. तूच काहीतरी कर.

लोभ आहेच, तो थोडा बाबांपर्यंतही जाऊ दे.

तुझी दामिनी


भातकुली, १७ नोव्हेंबर २०२५

चि. दामिनीले आशीर्वाद.

तुया बापाले, रामरावले म्हटलं, पाहुण्यांचा दिवस बदल. तो म्हणे, परीक्षा पुन्हा येते, असं स्थळ येत नाही. मंग मी त्याले न सांगता लीलाजवळ तुले निरोप धाडला का सरळ नागपूरले जा. रामरावले वाटे, तू सकाळच्या बसनं येशीन.

पाहुण्यांनी पोहे खाल्ले अन् पोरगी बोलवा म्हणे. रामराव दाराकडं पाहे. मी सांगितलं, पोरगी स्पॅनिशच्या परीक्षेले गेली, मीच पाठवली. पोराची माय म्हणे, लग्नानंतर ते भाषा कोणासंग बोलीन? म्हटलं, तुमच्यासंगच बोलली असती, पण तुमाले कुठं येते. पाहुणे चहा तसाच ठेवून उठले.

कालपासून रामराव माया हातचं पाणी पीत नाही. तुई माय आमच्या दोघायच्या मधात निरोप पोचवून थकली.

पास झाली तं पहिले बापाले कळव, मले नको. नापास झाली तं मले कळव. त्याले मी सांगीन.

आजी