आत्याबाई लग्नाला का येत नाहीत

ऑकलंड, ४ ऑगस्ट १९९४

ती. वन्सना तोआकासेचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

इकडे सगळे बरे. तुमचे भाऊ रात्रंदिवस खोकतात आणि औषध घ्या म्हटलं की भजन म्हणायला लागतात. आपल्या लेकीचं, फुसीचं लग्न सतरा डिसेंबरला ठरलं. मांडवात सगळ्यांत उंच चटयांवर मानाने नवरीच्या आत्याने बसायचं असतं. तुम्ही नसाल तर तिथे काय भोपळा मांडू? तिकीट आम्ही काढतोय.

मी वृद्धाश्रमात कामाला जाते ना, तिथली एक गंमत. हॅल्डेनबाई रोज खुर्ची ओली करतात आणि मांजरावर ढकलतात. मांजर मरून महिना झाला! मी स्वयंपाकघरात त्यांची चालण्याची नक्कल केली, सगळ्या पोट धरून हसल्या.

गावाकडून माझ्या मैत्रिणीचं, सेइनीचं पत्र होतं. तुम्ही म्हणे कापडासाठी झाडाची साल कुटायला बायकांत जात नाही, कुटलेलं कापड चिकटवायलाही बसत नाही. वीस वर्षं ज्या मंडळाच्या तुम्ही प्रमुख, त्याच्याशी एवढा अबोला कशाला?

मोठ्यांना नमस्कार, तुमच्या नातीला, पेसीला पापा. उत्तराची वाट पाहते, रागावू नका.
तुमची तोआकासे

वावाऊ बेट, २७ ऑगस्ट

सौ. तोआकासे हिस आशीर्वाद, वि. वि.

पत्र पोचलं. लग्नाला माझं येणं होणार नाही. गुडघे दुखतात. माझ्या धाकट्या बहिणीला बसवा, तीही आत्याच आहे. फुसीसाठी कापड बोटीने पाठवते. तिकिटाची घाई करू नये.

कळावे.
कालोलाइने

ऑकलंड, १५ सप्टेंबर

ती. वन्सना नमस्कार.

पत्र वाचून फुसी जेवली नाही. तुमच्या गुडघ्यांचं म्हणाल, तर सेइनी लिहिते की तुम्ही टेकडीवरच्या मळ्यातून सुरणाची टोपली खांद्यावर घेऊन उतरता. तेव्हा खरं काय ते सांगा. मी कोळ्याची पोर, तुमच्या घरात नको होते, हे मला तीस वर्षं ठाऊक आहे. पण त्याचा राग लेकरावर काढू नका. एवढं लिहायचा मला हक्क नाही, तरी लिहिलं.

लोभ उरला असेल तर कळवा.
तोआकासे

वावाऊ, ९ ऑक्टोबर

सौ. तोआकासे हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या माहेराचा काही संबंध नाही. आजवर तुला हुकूमच सोडत आले, त्यामुळे हे तुला लिहिणं जड जातं. वाचून झालं की पत्र चुलीत घाल.

चार वर्षं झाली, मला लघवी आवरत नाही. शिंक आली, हसू आलं, ओझं उचललं की झालंच. पाच बाळंतपणं, त्यात वय. बायकांत तास न् तास मांडी घालून बसणं म्हणूनच सोडलं. तीन तास विमानात कशी बसू? आणि उंच चटयांवर, साऱ्या समाजासमोर?

पण खरी लाज ती नाही. जूनमध्ये पाद्रीबाईंकडे जेवणं होती. पेसी माझ्या मांडीवर झोपली होती. कुणीतरी काही बोललं, मी खळखळून हसले आणि त्यांची ठेवणीतली चटई भिजली. सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "पोरीने केलं." सुनेने, लुपेने, पेसीला झोपेतून उठवून दोन थोबाडीत मारल्या. पोर रडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी मान खाली घालून चटई गुंडाळत बसले.

पाच वर्षांची आहे ती. गावची पोरं तिला मुतरी म्हणतात. रविवारच्या शाळेत जायचं नाव काढत नाही. आणि मी घरची मोठी, देवळात पुढच्या बाकावर बसते.

तुझं ते गमतीचं पत्र ऑगस्टात आलं. तुझी हॅल्डेनबाई निदान मेलेल्या मांजरावर ढकलते.

यापुढे नमस्कार लिहू नकोस. मी त्या लायकीची राहिले नाही.
कालोलाइने

ऑकलंड, २४ ऑक्टोबर

ती. वन्सना नमस्कार, आणि तो मी लिहिणारच.

पत्र आश्रमाच्या मोरीत दार लावून वाचलं. नंतर हॅल्डेनबाईंचे कपडे बदलायला गेले, तर वर मान करवेना. मीही सत्तावन्नची आहे. दोन वर्षं झाली, खोकला आला की पाय आवळून भिंतीला टेकते. नक्कल केली त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने मीच का हसले, ते आता कळतं.

इथे व्यायाम शिकवणारी बाई येते. नात्यातल्या एकीसाठी विचारतेय असं सांगितलं, म्हणजे मीही खोटंच बोलले. ती म्हणाली, पुष्कळ बायकांना हे होतं आणि पुष्कळ बऱ्याही होतात. लघवी अडवताना जसं आवळतो तसं आवळायचं, थोडं धरून सोडायचं, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. पण आधी तुमच्या दवाखान्यातल्या नर्सला दाखवा. सोबत पॅड पाठवते. विमानात कडेची जागा घेऊ.

पेसीचं मात्र मला काही सुचत नाही. ते तुमचं तुम्हालाच करावं लागेल.

कमीजास्त लिहिलं असेल तर पोटात घाला.
तुमची तोआकासे

वावाऊ, २० नोव्हेंबर

सौ. तोआकासे हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

नर्सला दाखवलं. तरणी पोर आहे, पण हसली नाही. व्यायाम करते. फरक अजून थोडाच.

पेसीला मळ्यात एकटीला घेऊन गेले. केळ सोलून दिलं आणि सांगितलं, ते मी केलं होतं, तू नव्हे, मला माफ कर. तिने केळ खाल्लं नाही. विचारलं, "आईला सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं. एवढ्यावरच भागेल असं वाटलं होतं.

घरी येऊन लुपेला सांगितलं. ती उठून परसात गेली, दोन दिवस माझं ताट नुसतं आणून ठेवत होती. मग बुधवारी बायका साल कुटत होत्या तिथे गेले. मोगऱ्या थांबेपर्यंत उभी राहिले आणि पाद्रीबाईंचं नाव घेऊन म्हणाले, "तुमची चटई मी भिजवली. पोरीवर खोटा आळ घातला." पाद्रीबाई म्हणाल्या की चटई धुतली, वाळली. आणि परत कुटायला लागल्या. मी बसले. संध्याकाळी दोघीजणी मागच्या दाराने आल्या, वेगवेगळ्या. एक तर पस्तिशीचीही नाही. नर्सला काय सांगायचं ते विचारून गेल्या. आता मंगळवारी आम्ही सहाजणी नर्सकडे जातो.

लग्नाला येते. चटयांचा ढीग मोरीच्या दाराजवळ लाव, फुसीला सांग आत्याची आज्ञा आहे.

पेसीला पोरं आता चिडवत नाहीत. पण माझ्या मांडीवर ती बसत नाही. आज देवळात माझ्याच बाकावर बसली, मध्ये वीतभर जागा ठेवून. मी सरकले नाही. ती जागा तिची आहे.

तुझा लोभ आहे तेवढा राहू दे, मला तो पुरतो.
तुझी कालोलाइने