दुसरी चिप

बाबा, आमच्या स्वयंपाकघरातलं पाणी शुद्ध करायचं यंत्र गेले नऊ दिवस दर चार मिनिटांनी कोकलतंय आणि या अन्यायाची दखल घ्यायला कुणी तयार नाही. पाणी स्वच्छ येतं; यंत्राची तक्रार काय, ते यंत्रालाही ठाऊक नाही. सोसायटीच्या ग्रुपवर मी चार परिच्छेदांचं निवेदन टाकलं, त्याला दोन अंगठे आणि एक पुष्पगुच्छ मिळाला. शेवटी कंपनीचा माणूस आला, झाकण उघडून आतल्या हिरव्या पट्टीकडे बोट दाखवत म्हणाला, "अंकल, ये खुलता नहीं है. पूरा कार्ड बदलेगा." आई मागेच उभी होती. तो गेल्यावर म्हणाली, "हे असते तर एव्हाना उघडून बसले असते." आणि मग नेहमीचं: "पण नकोच. नजर कुठे राहिली होती त्यांची? त्या चिपचं काय झालं ते तू बघितलंस ना."

बघितलं. मी एकट्यानेच बघितलं.

तुम्ही सरकारी नोकरी सोडलीत, सरोजिनी नगरचं क्वार्टर सोडलंत आणि नोएडात एका ब्यूटी पार्लर आणि एका प्रॉपर्टी डीलरच्या मधला गाळा घेतलात, तेव्हा सगळे नातेवाईक तुम्हाला वेडे म्हणाले. तुम्ही म्हणायचात, "देश उघडला, मग मी का कुलूप लावून बसू?" पहिली खरेदी होती तो प्रोग्रामर: पुस्तकाएवढा डबा, कॉम्प्युटरला जाड वायरने जोडलेला. त्यावर चिप बसवायची, खिट्टी दाबायची, की चिपच्या पोटातलं सगळं पडद्यावर वाचता येतं. आणि पहिलं मोठं काम आलं ते एका एक्स्पोर्टवाल्याचं. भरतकामाच्या विलायती मशीनचा बोर्ड, बनवणारी कंपनी तिकडे बुडालेली, मशीनची सगळी अक्कल त्या बोर्डावरच्या दोन म्हाताऱ्या चिपांमध्ये. त्या मरायच्या आत वाचून त्यांची नक्कल ठेवायची. जमलं तर त्याच्या सगळ्या मशीनी कायमच्या तुमच्याकडे. न जमलं तर काय, हे आपल्या घरात कुणी बोलत नव्हतं.

पहिली चिप तुम्ही तीनदा वाचलीत. तीनही वेळा पडद्याच्या तळाशी येणारी आकड्यांची बेरीज जुळली, तेव्हाच ती परत बोर्डावर गेली. दुसरी तुम्ही सॉकेटमध्ये बसवता आहात, तेवढ्यात शेजारचा डीलर ओरडतो, "मराठा साहब, आपका फोन!" आपल्याकडे अजून फोन आलेला नाही. तुम्ही उठता. "हात लावू नकोस. आलोच."

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे मला सगळं येतं. चिपच्या एका टोकाला खाच असते, ती कुठल्या बाजूला ठेवायची यावर सारा खेळ. तुम्ही ती खिट्टीकडे ठेवली आहे. आमच्या कॉलेजच्या प्रोग्रामरवर ती खिट्टीच्या उलट बाजूला असते. मला आनंद होतो. बाबा, खोटं कशाला बोलू, मला अतोनात आनंद होतो: तुमची चूक सापडली. तुम्ही येईपर्यंत मी सगळं वाचून ठेवणार आणि अगदी सहज म्हणणार, "उलटी होती, सरळ केली." मी खिट्टी उचलतो, चिप फिरवतो, बटण दाबतो. पडदा भरून नुसतं एफ एफ एफ एफ. कोरी. मग तापल्याचा वास. मी वीज बंद करायला हवी होती. मी खिशात हात घालून दारात जाऊन उभा राहिलो.

तुम्ही हसतच आलात. फोन त्या एक्स्पोर्टवाल्याचाच होता. बसलात, बटण दाबलंत, पडद्याकडे बघत राहिलात, मग चिपवर बोट ठेवलंत आणि चटका बसून मागे घेतलंत.

"अरे... उलटी लावली मी?"

तो प्रश्न होता. तुम्ही मला विचारत होतात.

"असेल," मी म्हणालो.

संध्याकाळी तो माणूस आला. तुम्ही उभे राहून म्हणालात, "गलती मेरी है जी. हाथ से उलटी लग गई." तो शिव्या देईल असं वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, "साहब, आपकी तो बड़ी तारीफ़ सुनी थी." बोर्ड घेऊन गेला. पण गाळा त्याच्यामुळे बंद पडला नाही, बाबा. तुम्ही स्वतःच्या हातांवरचा विश्वास गमावलात म्हणून पडला. त्यानंतर प्रत्येक चिपला मला हाक: "जरा बघ रे, खाच बरोबर आहे ना?" मी यायचो, वाकून बघायचो. दर वेळी बरोबर असायची. "बरोबर आहे, बाबा." डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं, नजर उत्तम आहे, चष्माही तोच चालेल, तर तुम्ही घरी येऊन म्हणालात, डॉक्टर बेकार आहे. वर्षभरात शटर खाली आलं. मग अकरा वर्षं दोन बस बदलून गुडगावच्या एका काचेच्या इमारतीत जनरेटर आणि लिफ्टवर देखरेख. ज्या दिवशी गाळा रिकामा केलात, त्या दिवशी प्रोग्रामर मूळ खोक्यात भरून माझ्या हातात दिलात. "तू ठेव. तुझे हात स्थिर आहेत."

मी त्यावर कधीच काम केलं नाही. मी दर आठवड्याला वर्तमानपत्रात लोकांच्या चुकांची टर उडवून पोट भरतो. लोक म्हणतात, तुमच्या तावडीतून कुणी सुटत नाही.

तो पाण्याच्या यंत्राचा माणूस गेल्यावर मी आईला सांगून टाकलं. ती मटार सोलत होती. सोलत राहिली.

"म्हणजे नजर चांगली होती त्यांची?"

"हो."

"आणि मी त्यांना स्कूटर विकायला लावली." मग सालं गोळा करत, "रोज गाजराचा रस. नको नको म्हणायचे रे." मी काहीतरी बोलायला गेलो, तर म्हणाली, "मला काय सांगतोस? त्यांना सांग."

कसं सांगू? ती जळकी चिप मी इतकी वर्षं ठेवली आहे. काल नेहरू प्लेसमधून मागच्या बाजूला त्या जाड वायरीचं जुनं भोक असलेला कॉम्प्युटर शोधून आणला, खोकं उघडलं, खाच खिट्टीकडे ठेवून चिप बसवली आणि वाचली. एफ एफ. पुन्हा वाचली. तिसऱ्यांदा वाचली. मेलेल्या चिपमधून काही येत नाही हे मला कळतं, पण मी दुपारभर बटण दाबत होतो बाबा, जणू एकदा तरी बेरीज जुळेल आणि तुम्ही फोनवरून परत याल. आई दारातून बघून गेली.

खोक्याच्या तळाशी तुमची कामाची वही निघाली. त्या दिवसाच्या पानावर तुमच्या कोरीव अक्षरात: 'दुसरी चिप माझ्या हातून उलटी बसली.' त्या ओळीवर मी एक रेघ मारली. खाली लिहिलं, 'बाबांनी बरोबर बसवली होती. त्यांच्या मागे मी फिरवली.' सही केली, आजची तारीख टाकली आणि वही आईच्या उशाशी ठेवून आलो.

हे पत्र कुठे टाकणार? खरं सांगायचं तर, टाकता आलं असतं, तर मी लिहिलंच नसतं.