पाखरांचा वाटा

शुक्रवार, ६ डिसेंबर

आज सकाळी नेहमीप्रमाणे आंघोळ करून खिडकीतल्या पारव्यांना मूठभर ज्वारी घातली, हात जोडले आणि पारवे मारायला निघालो.

यात विसंगती नाही. आम्ही राहतो त्या खैतानचे पारवे वेगळे, वफ्राचे वेगळे. खैतानचे आश्रित आहेत. वफ्राचे चोर आहेत.

वफ्राला, म्हणजे इथे आखातात शहराबाहेरच्या वाळवंटात, अबू फहादचं शेत आहे. तो आमच्या कंपनीचा मालक, मी त्याचा अकाउंटंट. सप्टेंबरात त्याने कोपऱ्यातला एक तुकडा मला करायला दिला. बार्शीहून आणलेली गुळभेंडी ज्वारी मी त्यात पेरली. वाळूत ज्वारी येते का, म्हणून ऑफिस हसलं. आली. आता कणसं दुधात आहेत. १७ जानेवारीला इथल्या मराठी मंडळाच्या चाळीस घरांना हुरड्याचं आमंत्रण देऊन बसलोय.

पण मंडळ हे निमित्त. खरं कारण माझी लेक स्पृहा. ऑगस्टमध्ये ती कॅनडाला शिकायला जाईल. अठरा वर्षांची झाली, उभी ज्वारी पाहिलेली नाही. जाण्याआधी एकदा तिने माझ्या हातचा हुरडा खावा. देवाकडे यंदा एवढंच मागितलंय.

आणि थवेच्या थवे उतरतायत.

अबू फहादने त्याची छर्ऱ्याची बंदूक दिली. बंदूक त्याची, कागद त्याचे. त्याच्या कुंपणाच्या आत आणि तो हजर असतानाच चालवायची, मग दिवाणियाच्या, म्हणजे त्याच्या बैठकीच्या खोलीच्या, भिंतीवर परत टांगायची. त्याने विचारलं, पूर्वी चालवलीस का. मी सांगितलं, लहानपणी गोफणीने उडते पक्षी पाडायचो. (पक्षी माझ्या गोफणीमुळे उडायचे, हे शंभर टक्के खरं आहे.)

माझी बायको शुभदा म्हणाली, नाव तुकाराम आणि हातात बंदूक, छान. तिची आई बियाण्याच्या कणसांना फडकी बांधायची, तसं बांधा म्हणे. स्पृहाच्या शाळेच्या मोज्यांची पिशवी पडलीच आहे माळ्यावर. मी म्हणालो, ते पीक आहे, पाळणाघर नाही.

ठराव: महिन्याभरात रान साफ.

तोच दिवस, संध्याकाळी ७

शेतात पाऊल टाकल्यावर आधी बांधावर मूठभर ज्वारी, पाखरांचा वाटा, टाकला. आमचे दादा टाकायचे. वाटा दिल्यानंतरही जो पक्षी पिकात उतरतो तो लबाड, त्याला मारण्यात पाप नाही. शास्त्र स्पष्ट आहे.

छर्ऱ्यांची डबी संपली. पक्षी शून्य. पण दहशत बसली.

शनिवार, ७ डिसेंबर

पूजेत लक्ष लागेना. शेवटच्या बारानंतर एक कबूतर जरा तिरकं उडाल्यासारखं वाटलं होतं. जखमी झालं असेल तर? पुढे कुठे वाळवंटात पडलं असेल तर?

प्रायश्चित्त म्हणून पुढच्या शुक्रवारी वाटा मुठीऐवजी किलोभर टाकायचा.

शुक्रवार, १३ डिसेंबर

रफीक पिकअप घेऊन आला. रफीक रत्नागिरीचा. आमच्या इमारतीखाली त्याचा बकाला, म्हणजे किराणा दुकान, आहे, ज्वारी त्याच्याकडूनच घेतो. वाटेभर तो विचारत होता, की भाऊ, जेवायला घालायची ती कबुतरं कुठली आणि मारायची ती कुठली, त्यांना चिठ्ठ्या दिल्यात का?

किलोभर वाटा टाकला. नेम धरला. रफीक मध्येच ओरडला, अहो डोळे का मिटले?

मी समजावलं. चाप ओढण्याआधी मी डोळे मिटून पांडुरंगाचं नाव घेतो. जिवाच्या कानावर शेवटचं नाव तरी चांगलं पडावं. रफीक म्हणाला, नाव तर आम्हीपण घेतो तुकारामभाऊ, पण डोळे उघडे ठेवून.

आज बुजगावण्याला लागला. थेट छातीत. शर्ट माझाच होता, जुना ऑफिसचा, त्यामुळे जरा कसंतरी झालं. पण नेम सुधारतोय, हे नक्की. बुजगावणं पिकाच्या मधोमध आहे.

कबुतरं मागच्या वेळेपेक्षा जास्त होती. आधीची घाबरून गेली असणार, ही नवी.

शुक्रवार, २० डिसेंबर

खूपच जास्त. कुठून येतात कळत नाही. गाडी फाटकातून आत शिरली तर ती पळाली नाहीत, उलट पुढे आली.

प्रायश्चित्ताचे दोन किलो टाकले. एक किलो मागच्या शुक्रवारच्या संशयाचं, एक आजच्या संभाव्य पापाचं आगाऊ. रफीक म्हणाला, भाऊ, चालू ठेवा, माझा धंदा बरा चाललाय.

छर्रा पाण्याच्या टाकीला लागला. बारीक धार. ती नेमकी ज्वारीच्या वाफ्याकडे जात होती. पाहिलं तर ठिबक सिंचनच. अबू फहाद दिवाणियातून बाहेर आला, टाकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाला, अरे तुकाराम, टाकी कबुतराएवढी लहान नाही. आणि चहा प्यायला आत बोलावलं. मन मोठं आहे माणसाचं.

घरी शुभदाने विचारलं, कणसं किती उरलीत. मी म्हणालो, भरपूर. मोज्यांची पिशवी तिने माळ्यावरून काढून दाराजवळ ठेवली होती. मी ती परत माळ्यावर ठेवली.

शुक्रवार, २७ डिसेंबर

स्पृहाला नेलं. तिने उभी ज्वारी पाहिली. म्हणजे ताटं पाहिली. वरची कणसं बहुतेक पोकळ झालीत, बोंडांच्या रिकाम्या टोप्या तेवढ्या उरल्यात.

मी तिला आमची पद्धत दाखवली: आधी वाटा, मग नेम. तीन किलोंची पिशवी उपडी केली तेव्हा आकाश काळं झालं. तिने बांधाकडे पाहिलं, बंदुकीकडे पाहिलं, म्हणाली, बाबा, यू आर लिटरली रनिंग अ रेस्टॉरंट.

ही पिढी श्रद्धेची खोली समजू शकत नाही. दहा मिनिटांनी परत म्हणाली, विथ बॅकग्राउंड म्युझिक. म्हणजे माझे बार.

परतताना गाडीत तिने मध्येच विचारलं, हुरड्याची चव कशी असते. गोड म्हणावं तर मका गोड असतो. हिरवी म्हणालो. ती म्हणाली, ग्रीन इज नॉट अ टेस्ट, बाबा. बरोबर आहे. म्हणून तर खायला हवा.

शुक्रवार, ३ जानेवारी

लिहायचं नव्हतं. लिहितो. पीक संपलं.

दिवाणियाच्या भिंतीलगतची शेवटची ओळ तेवढी वाचलीय. तिथे अबू फहादचा एसी हिवाळ्यातही घरघरतो, त्यामुळे कबुतरं बिचकतात. चाळीस घरांना सांगायचं काय?

कबुतरं खाऊन सुस्त होऊन बांधावर बसली होती. मी बंदूक उचलली तर एकाने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा पिसांत घातली.

परत येताना रफीकला विचारलं, माझं काही चुकतंय का. तो म्हणाला, भाऊ, एवढ्या उशिरा विचारलंत, आता काय सांगू.

शनिवार, ४ जानेवारी

शुभदा उठायच्या आत मोज्यांची पिशवी घेऊन निघालो. जाग आली तिला. कुठे, म्हणाली. बंदूक पुसायला फडकी हवीत, असं सांगितलं. एवढे पांढरे मोजे बंदूक पुसायला, म्हणाली. हो म्हणालो.

शेवटच्या ओळीतल्या प्रत्येक कणसाला मोजा घातला, खाली सुतळीची गाठ. काहींवर स्पृहाच्या शाळेचा निळा पट्टा आहे. एक फारच लहान निघाला, बहुधा केजीतला. तो हातात धरून वाफ्यात थोडा वेळ बसलो.

ठराव: मोज्यांची कल्पना शुभदाची होती, हे तिला सांगायचं. आजच.

रविवार, ५ जानेवारी

काल वेळ मिळाला नाही. इथला आठवडा रविवारी सुरू होतो, आज ऑफिस.

शुक्रवार, १० जानेवारी

मोजे शाबूत. वाऱ्यावर डोलतात तेव्हा शाळा सुटल्यासारखं दिसतं. रफीक हसून हसून पिकअपला टेकला. त्याला शपथ घातली, शुभदाला बोलायचं नाही.

आज एक कबूतर अगदी जवळ, बुजगावण्याच्या खांद्यावर बसलं. वारा पडलेला. ठरवलं, आज डोळे उघडे ठेवायचे. ठेवले. त्याच्या गळ्यावर हिरवा-जांभळा रंग होता, ऊन पडलं की सरकायचा. आमच्या खिडकीतल्या पारव्यांसारखाच. चोर म्हणून वेगळा रंग नव्हता.

बंदूक खाली ठेवली. हात भरून आला होता, एवढंच कारण.

शुभदाला सांगायचं राहिलं. तिचं डोकं दुखत होतं.

शुक्रवार, १७ जानेवारी

चाळीस घरं आली. खड्डा खणून आगटी पेटवली, दाण्याची चटणी, गूळ, दही सगळं होतं. हुरडा नव्हता. जमियातून, म्हणजे इथल्या सहकारी दुकानातून, आणलेली मक्याची कणसं भाजली. वाळवंटातल्या हुरड्याची जात जरा मोठ्या दाण्याची असते, असं मी एकाला सांगून पाहिलं. त्याने मान हलवली आणि अजून एक कणीस मागितलं. लोक चांगले आहेत.

सगळे मक्यात गुंतल्यावर स्पृहाला भिंतीकडे नेलं. गाठी सोडल्या, मोजे काढले. आत दाणे. हिरवे, टपोरे, एकही टोचलेला नाही. निखाऱ्यावर भाजली कणसं, तळहातावर चोळली, फुंकर मारली. एक बशी भरली. फक्त एकच.

तिने खाल्लं. फोन काढला नाही. बशी रिकामी करून मराठीत विचारलं, अजून आहे?

नव्हतं.

निघताना बंदूक भिंतीवर टांगली आणि अबू फहादला सांगितलं, मला जमलं नाही, माफ कर. तो म्हणाला, काय जमलं नाही? दर वर्षी ही कबुतरं माझ्या मेंढ्यांसाठी पेरलेला सातू खातात. यंदा एकही तिकडे फिरकलं नाही, सगळी तुझ्याकडे जेवायला. तुझ्याइतका चांगला राखणदार मला मिळाला नव्हता. पुढच्या वर्षी हवा तर मोठा तुकडा घे.

म्हणजे शेत राखलं मी. भलत्याचं, एवढाच फरक.

शनिवार, १८ जानेवारी

सकाळी खिडकीत पारव्यांना ज्वारी घातली. मोजे शुभदा धुवायच्या आत मीच धुतले, दोरीवर घातले. ती स्वयंपाकघरात चटणी वाटत होती. दारात उभं राहून सांगितलं, की पहिल्या दिवशीच तुझं ऐकायला हवं होतं, बरोबर तूच होतीस.

मिक्सर चालू होता. ठराव पूर्ण झाला, असं समजून मी वळलो.

मिक्सर थांबला. काय म्हणालात, असं तिने विचारलं. दोरीवरचे मोजे तिथून सरळ दिसत होते.

परत सांगितलं. या वेळी मिक्सर बंद होता.