डावा पाय, शिवणीच्या लाकडाचा

मुलुंड, बुधवार, ता. १२ जून १९५७

तीर्थस्वरूप अण्णांस धाकट्या सहदेवाचे साष्टांग दंडवत.

आपला दमा, वहिनींचे गुडघे आणि तांबू गाय यांची प्रकृती कशी आहे ते सवडीने कळवावे. इकडील सर्व ठीक आहे असे लिहायची रीत आहे, म्हणून लिहिले. आता खरे लिहितो.

उत्तराचे अभ्यासाचे मेज (खालच्या खणाला आतून कडी), नळावर हंडे ठेवायची घडवंची, शेजारच्या कुंदाताईंच्या शिलाई मशीनचे टेबल, कारखान्यातल्या घड्याळाचा लंबक, दोन पाळणे, भोपळा सोडून बाकी सगळी सतार, आणि माझा डावा पाय. एवढ्या वस्तू मी स्वतःच्या हातांनी केल्या. अण्णा, ही यादी बढाई म्हणून देत नाही. फॉर्मात विचारले होते.

फॉर्म कसला ते सांगतो. लढाईत जायबंदी झालेल्यांच्या मुलांना कॉलेजची फी माफ होते आणि पुस्तकांनाही मदत मिळते, हे मला आमच्या पलटणीतल्या काशीरामाकडून कळले. आपली उत्तरा मॅट्रिक पास झाली, गणितात शंभरांत चौऱ्याण्णव. (सहा कुठे गेले ते मी तपासले. चार तिचे, दोन तपासणाऱ्याचे.) तिला सायन्सला जायचे आहे. कॉलेजची शेवटची तारीख अठ्ठावीस जून. त्याआधी माझे अपंगत्व निम्म्याहून कमी नाही असा डॉक्टरी दाखला पाहिजे. तो मिळाला तर कॉलेज, नाही तर टायपिंगचा क्लास. मधला रस्ता नाही. माझ्या पगारात महिना अखेरपर्यंत पोचतो, पण वाटेत कॉलेज लागत नाही.

तर त्या फॉर्मातला अकरावा रकाना असा, की अर्जदारास कोणते काम करता येते? जागा दोन ओळींची होती. मी पुरवणी जोडली. कचेरीतला कारकून ती वाचून माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला आणि हे सगळे लिहायलाच हवे का, असे हळूच म्हणाला. मी म्हणालो, रकाना छापलाय तर तो भरला पाहिजे. (मी चौथी शिकलेला माणूस. इंग्रजी यंत्रांची माहितीपत्रके वाचून शिकलो. छापलेल्या शब्दाचा मान मी राखतो.)

परवा सोमवारी तपासणी होती. जानकी सकाळपासून दारात माझी जुनी काठी घेऊन उभी होती आणि आज एक दिवस जरा हळू चाला, एवढेच मागत होती. मी म्हणालो, मी सुरुंगावर पाय दिला तोसुद्धा भरभर चालताना दिला. काठी घरी राहिली. उत्तरा सोबत आली. तिच्या पिशवीत कॉलेजचा अर्ज होता, दोन पुठ्ठ्यांमध्ये, कोपरे दुमडू नयेत म्हणून.

बाकावर आमच्या आधी सात जण होते. आत जाणारा प्रत्येक जण लंगडत जाई आणि बाहेर येताना थोडा कमी लंगडत येई. उत्तरा ते मोजत असावी, कारण तिने माझ्या बाहीला हात लावला आणि पुन्हा काढून घेतला. मी समजलो नाही असे दाखवले.

आत तीन डॉक्टर बसले होते. मधले वयस्कर, कडक, मान वर न करणारे. त्यांनी दारापर्यंत जाऊन परत यायला सांगितले. मी गेलो, आलो. त्यांनी कागद चाळले, मान वर केली आणि पुन्हा जायला सांगितले. मी पुन्हा गेलो, आलो. (अण्णा, शिवणीचे लाकूड, तीन वर्षे मुरवलेले, तळाला मोटारच्या टायरचे रबर, घोट्याचा सांधा साडेसात अंशांत बसवलेला. वजन साडेतीन पौंड. करकर नाही, खुटखुट नाही.) मग त्यांनी विचारले,

"कुठला पाय?"

अण्णा, तेरा वर्षे मी या प्रश्नाची वाट पाहत होतो. लोक माझ्या पायाकडे पाहून हळहळतात, देवाला नमस्कार करतात, बसायला जागा देतात; कुठला पाय म्हणून कुणी विचारलेले नव्हते. उत्तरा दाराशी खोकली. ऐकले मी. एकदा नाही, तीनदा खोकली. आणि तरीही मी म्हणालो, साहेब, तुम्हीच ओळखा.

त्यांनी उजवा सांगितला.

मग माझ्याच्याने राहवले नाही. मी त्यांच्या स्टुलावर चढून दाखवले, डाव्या पायाने, हात न टेकता. तिसरा डॉक्टर तरुण होता, तो टाळ्या वाजवणार होता, पण मधल्यांनी त्याच्याकडे पाहिले. मी स्टुलावरून उतरेपर्यंत मधल्यांनी लिहून टाकले होते. तीस टक्के.

मी म्हणालो, साहेब, पाय अख्खा गेलाय, तीस टक्के गेलेला नाही. ते म्हणाले, पाय गेला हे दिसते, पण त्यावाचून तुमचे अडले काय? तेवढे सांगा. आता याला उत्तर काय द्यायचे? अडले असे म्हणावे तर माझे काम खोटे. अडले नाही म्हणावे तर पोरीचे कॉलेज गेले. समोरच पुरवणी पडली होती, माझ्या हाताची, सुबक अक्षरातली.

बाहेर आल्यावर उत्तराने पिशवीतला अर्ज एकदा पाहिला आणि पुठ्ठ्यांत नीट परत ठेवला. मुलुंडला उतरल्यावर म्हणाली,

"बाबा, तुम्ही झकास चाललात. तिथेच माझी वाट लागली."

रागाने म्हणाली असती तर बरे झाले असते. घरी जानकीने सगळे ऐकले, भाकरी थापता थापता म्हणाली, "पाय गेलो तेव्हा मी इतकी रडलंय नाय. हो नवो पाय इलो, आणि रडूची पाळी इली." यावर मी जेवलो नाही. म्हणजे अर्धी भाकरी जेवलो.

काल एकटाच पुन्हा कचेरीत गेलो. जानकी म्हणते, थोडे लंगडा, कुणाला कळणार आहे? मला कळेल. मी नाटक करणार नाही, हे मी मोठ्या डॉक्टरांना सांगितले. ते पहिल्यांदा हसले. त्यांनी नियमांचे पुस्तक काढून दाखवले, की तपासणी सरकारने दिलेला पाय लावून करायची असते, घरी केलेला नव्हे. फेरतपासणी चोवीस तारखेला, सोमवारी. सरकारी पाय कुठे आहे, असे विचारले. मी खोटे बोलत नाही. म्हणालो, गावी असतो, हल्ली शेतीकडे आहे.

बाकी विशेष काही नाही. आपल्याकडून काही मागण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही, केवळ खुशाली कळावी हा हेतू. वहिनींच्या पायांवर डोके ठेवतो.

आपला,
सहदेव

ता. क. दोन वर्षांपूर्वी मी आपल्या हवाली केलेला सरकारी पाय आपण परसात आपला जुना कोट घालून बुजगावणे म्हणून उभा केला आहे आणि वानर त्याच्या खांद्यावर बसतात, असे आपण होळीच्या पत्रात लिहिले होते. बुजगावणे हे पत्र मिळेल त्याच दिवशी मोडून पाय माझ्याकडे पाठवावा. पावसामुळे बोट बंद झाली आहे, तेव्हा एस.टी.ने येणाऱ्या माणसाच्या हाती द्यावा. बावीस तारखेच्या आत. कोट आपल्याकडेच ठेवावा.

दुसरा ता. क. आपल्याला दिसेल त्या बिजागरीला तेल घालायची सवय आहे. घालू नये. गंजही पुसू नये. बूट त्यालाच राहू द्यावा. तो पाय सरकारने जसा दिला तसाच मी लावणार आहे, आणि त्यावर मी कसा चालतो ते आपण पाहिलेले आहे. लंगडायचे नाटक करावे लागणार नाही.

तिसरा ता. क. हे जानकीला कधीही कळू नये. काल कचेरीच्या जिन्यात चंद्रप्रकाश नावाचे गृहस्थ भेटले. अंधेरीला त्यांचा लाकडी हातपाय बनवण्याचा कारखाना आहे. तरुण डॉक्टरांनी त्यांना सांगितले होते. त्यांनी माझा शिवणीचा पाय उलटसुलट करून पाहिला, घोट्यावर बोट ठेवले आणि नमुन्याच्या हक्कासकट विकत मागितला. पैसे तिथेच मोजून देत होते. त्यांत कॉलेज, पुस्तके, सगळे भागले असते. पण तो साडेसातचा कोन माझा नाही. नववीत असताना उत्तराने माझ्या चांगल्या पायामागे कोनमापक घेऊन चाळीच्या जिन्यावर चार रविवार बसून तो काढला होता. तिची फी भरायला तिचेच गणित विकायचे? मी नाही म्हणालो. आठशे रुपये.