मिनलचा टीव्ही गेम, व्याह्यांच्या हाती लागण्याआधी

५ फेब्रुवारी २०२५, बुधवार

उशिराबद्दल वहीची माफी मागतो. नोव्हेंबरनंतर एक अक्षर लिहिलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग थंडी पडली, आणि मुख्य म्हणजे बायकोने, सोजरने, ही वही पापडाच्या डब्याखाली टेकू म्हणून ठेवली होती. आजपासून रोज लिहिणार.

आज मिनलचा फोन आला. जावई धम्मरत्न यांची बदली बंगळूरला झाली. चोवीस तारखेला निघणार. पोरगी असं सांगत होती जसं आकुर्डीपर्यंत जाऊन येते. मी बरं म्हणालो. मग म्हणाली, अण्णा, माझा तो टीव्ही गेम माळ्यावर आहे का हो? तिकडे घेऊन जाईन म्हणते. मी म्हणालो, आहे की. तर म्हणाली, बंदच असेल, पप्पांकडे द्या, ते एका बैठकीत चालू करतील.

पप्पा म्हणजे तिचे सासरे भीमराज. रावेतला राहतात. मला अण्णा आणि त्यांना पप्पा. अण्णा कोणालाही म्हणतात. वडापाववाल्यालाही म्हणतात.

जेवण गेलं नाही. दोनच भाकरी खाल्ल्या.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ठरलं. गेम मीच दुरुस्त करणार. रविवारी सोळा तारखेला मिनल जेवायला येणार आहे, तोवर चालू करून टीव्हीला लावून ठेवायचा. दहा दिवस म्हणजे खूप झाले.

सोजर म्हणाली, भीमराज भाऊजींना दिला असता तर त्यांनी अर्ध्या तासात करून दिला असता. मी म्हणालो, तो गेम मी आणला होता, नव्याण्णव साली, बोनसमधून, पिंपरी कॅम्पातून. मिनल तेव्हा नऊ वर्षांची. फर्स्ट शिफ्ट करून आलो की मी आणि ती रणगाड्यांचा गेम खेळायचो. भीमराज तेव्हा कुठे होते? सोजर म्हणाली, चाकणला कंपनीत असतील, कामावर.

व्याही आयटीआय पास आहेत. मेंटेनन्स सुपरवायझर म्हणून रिटायर झाले. मिनलच्या घरचा गीझर त्यांनी केला, मिक्सर त्यांनी केला, बेलसुद्धा त्यांनीच बसवली. मी आठवी. पण भोसरीला टूल स्टोअरच्या खिडकीत एकतीस वर्षं काढली. माणूस येणार, आपल्या नंबरचं पितळी टोकन ठेवणार, हत्यार नेणार. परत आणलं की टोकन परत. आयटीआयमध्ये दोन वर्षांत दाखवत नसतील इतकी हत्यारं रोज माझ्या हातून गेली. एकही हरवलं नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

गेम पूर्ण खोलला. सकाळी अकराला सुरुवात, चहाच्या आत संपलं. प्रत्येक भागाला जुन्या कॅलेंडरचा टॅग लावला. वरचं झाकण, खालचं झाकण, हिरवी पट्टी, बटणं, वायरी. स्क्रू लांबीप्रमाणे वेगळे करून सोजरच्या मिसळणाच्या डब्यात ठेवले. हळद-मिरची काढून वाटीत घातली. रजिस्टर आखलं. एवढी स्वच्छ नोंद भीमराजांच्या सात पिढ्यांत झाली नसेल.

कुठला स्क्रू कुठून निघाला ते मात्र लिहायचं राहिलं. स्टोअरमध्ये माल कुठून आला हे आम्ही कधी विचारत नसू. कुठे ठेवायचा, एवढंच.

सोजर म्हणाली, आमटीत स्क्रू निघाला तर ताट तुमच्या पुढ्यात ठेवीन.

९ फेब्रुवारी, रविवार

विहारात गेलो. भीमराज भेटले. सत्तरीला आले तरी डोक्यावर सगळे केस. मेंदीही लावत नाहीत, मी जवळून पाहिलं.

म्हणाले, किसनराव, गेम उघडलाय म्हणे. काही लागलं तर सांगा हं. मी म्हणालो, काम संपत आलंय. घरी येईपर्यंत एकच विचार, यांना कळलं कसं? मिनलने सांगितलं असणार. मिनलला सोजरने सांगितलं असणार. माझ्या घरातली बातमी माझ्याआधी रावेतला पोचते.

वंदना झाल्यावर आमच्या गल्लीतल्या दुर्गाबाई सगळ्यांसमोर त्यांना म्हणाल्या, भाऊ, माझा मिक्सर लईच घुरघुरतो, तेवढा बघा की. मी शेजारीच उभा होतो. माझ्याकडे आजवर कोणी मिक्सर आणला नाही. आणला असता तर निदान नोंद तरी नीट झाली असती.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज तेलपाणी. आमच्या स्टोअरचा नियमच होता. परत आलेलं हत्यार आधी रॉकेलने पुसायचं, मग तेलाचा हात फिरवायचा, मगच फळीवर. म्हणून एकतीस वर्षांत माझ्याकडे काही गंजलं नाही. रॉकेल हल्ली मिळत नाही, पण मशीनचं तेल होतं. हिरवी पट्टी दोन्ही बाजूंनी चोपडली. गेमच्या कॅसेटची सोनेरी टोकंही. सगळं असं चमकायला लागलं की सोजरला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, विजेच्या वस्तूला तेल? मी म्हणालो, तू शेवयांचं बघ.

भीमराजांना हे सुचलंही नसतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

अडचण आली. जुना गेम अँटेनाच्या वायरीतून चालायचा. नवीन टीव्हीला चित्रासाठी पिवळी पिन लागते, आवाजासाठी पांढरी. म्हणजे गेममध्ये बदल करणं आलं. मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. हिंदीत होता. तो माणूस फार भरभर बोलतो. तीनदा पाहिला. तिन्ही वेळा समजल्यासारखं वाटलं.

चिंचवड स्टेशनला पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, कुठल्या बोर्डाला लावायचंय काका? मी म्हणालो, हिरव्या. तो म्हणाला, काका, सगळे हिरवेच असतात. त्याच्या माणसांसमोर बोलायची ही पद्धत नव्हे. पिना बसवायचं सॉकेट घेतलं आणि टाके मारायला सोल्डरिंगची कांडी घेतली. ही कांडी आमच्या खिडकीतून कधी गेली नाही. इलेक्ट्रिकलवाल्यांचं कपाट वेगळं होतं.

पहिला टाका जेवणाच्या टेबलाच्या प्लास्टिकला पडला. भोकावर सोजरने पाण्याचा तांब्या ठेवला आहे. दुसरा टाका माझ्या बोटाला. तिसरा जागेवर बसला, असं वाटतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार, दुपारी चार

जोडला. चार स्क्रू उरले. तेव्हाच्या कंपन्या उगाच जास्त घालायच्या.

गेमचा मूळ अडॅप्टर सापडला नाही. सेट-टॉप बॉक्सचा लावून पाहिला, पिन बरोबर बसली. गेमवर नऊ लिहिलंय आणि अडॅप्टरवर बारा. नऊ आणि बारा, फरक तीनचा. बटण दाबलं.

आवाज झाला. बारीक, चुटकीसारखा. मग वास. धूर काळा नव्हता, राखाडी होता, म्हणजे फार काही नसावं.

आमच्या मोहननगरच्या लाइटचा भरवसाच नाही.

सोजर विचारते, झालं का? म्हणालो, टेस्टिंग चालू आहे. उद्या-परवाचे दोन दिवस सोडले तर मिनल आलीच. रिकामा डबा हातात दिला तर ती काही बोलणार नाही. ती बोलत नाही म्हणूनच भीती वाटते. हसून म्हणेल, राहू द्या अण्णा, पप्पा करतील.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सोजरने घात केला. मला न विचारता फोन केला. अकरा वाजता भीमराज दारात, खांद्याला पिशवी. म्हणाले, इकडून चाललो होतो, म्हटलं चहा घ्यावा. रावेतहून मोहननगरमार्गे कुठे जातात कोण जाणे.

गेम बघून म्हणाले, किसनराव, स्क्रू-ड्रायव्हर देता? मी म्हणालो, देतो, पण रजिस्टरवर सही लागेल. नियम म्हणजे नियम. त्यांनी हसू न दाखवता सही केली. अक्षर सुंदर आहे. तेही.

झाकण उघडलं आणि बोट फिरवून वास घेतला. म्हणाले, तेल? मी म्हणालो, गंजू नये म्हणून. पिशवीतून स्पिरिट काढून जुन्या टूथब्रशने सगळं तेल घासून काढलं. माझी एक दुपार गेली होती त्याच्यात. मग म्हणाले, अडॅप्टर कुठला लावला होता? सांगितलं. म्हणाले, याच्यात प्लस-मायनस उलटे असतात राव. आणि नऊच्या नटाला तुम्ही बारा नंबरचा पाना दिला असता का कोणाला?

हे मात्र लागलं. पाने हा माझा विषय. त्यावर तरी बोलायचं नव्हतं.

जळालेला तीन पायांचा पार्ट बदलला. माझा टाका काढून पिनांचं सॉकेट परत बसवलं. उरलेले चारही स्क्रू कुठे जातात ते न विचारता लावले. चाळीस मिनिटं. मी घड्याळ लावून बसलो होतो, तासावर जाईल या आशेने. टीव्हीवर रणगाडे आले. तीच ट्यून.

सोजरने त्यांना आल्याचा चहा दिला, पाहुण्यांच्या कपात. मला स्टीलच्या पेल्यात. जाताना स्क्रू-ड्रायव्हर पुसून परत केला. चूक काढायला तेवढीही जागा ठेवली नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

मिनल, जावई, भीमराज, सगळे जेवायला. मी सकाळपासून घामाघूम. आता व्याही सगळं सगळ्यांसमोर सांगणार, आणि ते बरोबरच असणार.

मिनलने गेम पाहिला आणि किंचाळली. म्हणाली, पप्पा, तुम्ही केलात ना? भीमराज मटणाचा रस्सा वाटीत घेत म्हणाले, मी कशाला? तुझ्या वडिलांनी केला. मी काल फक्त चहा प्यायला आलो होतो.

सोजर माझ्याकडे बघायला लागली. मी भाताकडे बघायला लागलो.

मिनल उठून आली आणि खरकट्या हातानेच माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, अण्णा, तुम्हाला हे येतं? कधी बोलला नाहीत! मी म्हणालो, विषय निघाला नाही.

मग आम्ही खेळलो. ती खाली मांडी घालून बसली, नऊ वर्षांची असताना बसायची तशी, जीभ ओठाच्या कोपऱ्यात. दोनदा माझा रणगाडा वाचवला. तासभर कोणी फोन बघितला नाही.

भीमराज मागे खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होते. मनापासून. हा माणूस खोटं बोलण्यातही माझ्यापेक्षा सरस निघाला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

शांतपणे विचार केला. तसं पाहिलं तर काम मीच केलं. खोलला कोणी? मी. सॉकेट आणलं कोणी? मी. कोणता पार्ट खराब आहे हे दिसलं कशामुळे? मी तो जाळला म्हणून. भीमराजांनी शेवटचा हात फिरवला, इतकंच. मोठ्या मशीनवर हेल्पर असतोच.

२४ फेब्रुवारी, सोमवार

गेले. गाडी पहाटेच निघणार होती, साडेनऊला निघाली. मिनलने गेम मांडीवर घेतला, डिकीत ठेवू दिला नाही. गाडी वळल्यावर भीमराजांनी डोळे पुसले. मी आधी पुसले होते.

४ मार्च, मंगळवार

मिनलचा फोन. तिकडच्या सोसायटीतल्या लोकांना तिने गेम दाखवला. म्हणाली, सगळ्यांना सांगितलं, माझ्या वडिलांनी घरी बसून केलाय. अण्णा, तुम्ही इंजिनिअर व्हायला पाहिजे होतं. मी म्हणालो, परिस्थिती नव्हती.

आजचं ब्लडप्रेशर नॉर्मल. गोळी घेतली नाही.

कोपऱ्यावर दुर्गाबाई भेटल्या. त्यांना सांगितलं, मिक्सर परत घुरघुरला तर बिनधास्त आणा.

९ मार्च, रविवार

परत फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. तिच्या सोसायटीतल्या तिघांनी आपापले जुने गेम काढून तिच्या स्वाधीन केले आहेत. धम्मरत्नांचे एक मित्र गुरुवारी गाडीने पुण्याला येतायत, त्यांच्याकडे पाठवतेय. चौदा एप्रिलला जयंतीला ती येईल, तेव्हा घेऊन जाईल. म्हणाली, पप्पांकडे द्या असं धम्मरत्नच म्हणत होते, मी म्हटलं, छे, हे माझ्या वडिलांचं काम आहे, पप्पांना नाही जमायचं.

पप्पांना नाही जमायचं! सोजरला दोनदा म्हणून दाखवलं. चहा संपेपर्यंत फार बरं वाटलं. कप ठेवला आणि तीन बंद गेम डोळ्यांपुढे उभे राहिले.

१३ मार्च, गुरुवार

गेम आले. तीन. एकाला कॅसेटच नाही, वर सीडीचं झाकण आहे. एक इतका जड की आत काय असेल ते असेल. तिसऱ्यावर कागद चिकटवलाय: काकांना नमस्कार, लहानपणीचा आहे, प्लीज सांभाळून.

अजून खोललेले नाहीत. टॅगही कापलेले नाहीत.

मिनलला खरं सांगावं, असं दुपारी ठरवलं होतं. फोन लावला. तिने उचलताच विचारलं, पोचले का अण्णा? मी म्हणालो, पोचले, मामुली काम आहे.

सोजर म्हणाली, आता काय करणार? मी म्हणालो, विचार चालू आहे. ती म्हणाली, विचार रावेतला राहतो.

व्याह्यांना व्हॉट्सअ‍ॅप करायचं आहे. मोबाईलवर चुका होतात म्हणून आधी इथे लिहून घेतो:

भीमराजराव, सप्रेम जयभीम. तब्येत बरी असेल. माझ्याकडे सध्या कामाचा लोड जास्त झाला आहे. तीन गेम आहेत. खोलणं आणि नोंद मी करीनच, पुढचं तुम्ही बघितलं तर बरं होईल. तेल लावणार नाही. मिनलला यातलं काही बोलू नये. तुम्हाला ती रोज पप्पा म्हणते, मला हे एकच आहे. (हे वाक्य मोबाईलवर टाकायचं नाही.) चहा पाहुण्यांच्या कपात मिळेल. उद्या येता की परवा, तेवढं कृपया लवकर कळवा.